मधुमेहातली वखवख: आधी मीटर बघा, मग मनाला बोल लावा

मधुमेह झाला की घरच्यांपासून ओळखीपाळखीच्यांपर्यंत सगळे एकच सांगतात: तोंडावर ताबा ठेवा. सांगणाऱ्याला काळजीच असते. पण या सल्ल्याच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. भात, ब्रेड, बटाटा, बिस्किटं, गोडधोड सारखं खावंसं वाटणं म्हणजे हावरटपणा, आणि मन घट्ट केलं की तो जातो, ही ती समजूत. ज्याला रोज या तल्लफेशी झगडावं लागतं त्याला मग दोन्हीकडून मार बसतो. तल्लफ छळते ती छळतेच, वर आपण कमकुवत आहोत असंही वाटत राहतं.

प्रत्यक्षात 'काहीतरी खायला हवंय' या वाटण्यामागे मधुमेहात चार अगदी वेगळी कारणं असू शकतात. रक्तातली साखर खरोखरच घसरलेली असेल. किंवा ती फार चढलेली असेल, आणि तरीही भूक भागत नसेल. आधीच्या जेवणाची जुळणी अशी असेल की दोन तासांत पोट पुन्हा ओरडायला लागावं. किंवा शरीराला काहीच नको असेल, आणि मागणी फक्त सवयीची, कंटाळ्याची, थकव्याची असेल. आतून चारही बऱ्याचदा सारखंच वाटतं. उपाय मात्र चारही वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर नुकसान होतं. पहिल्या प्रकारात तर मनावर ताबा ठेवून बसणं जिवावर बेतू शकतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. तल्लफ आली की पहिलं काम बोटाला सुई टोचून मीटर बघण्याचं. स्वतःला दोष द्यायला नंतर वेळ मिळतोच.

एक चमचा साखर

आधी थोडं आतलं गणित. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटीची साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरली, तर त्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम ५ ग्रॅम ग्लुकोज भरतं. म्हणजे एक लहान चमचा. आता एक कप शिजवलेला भात घ्या. त्यात सुमारे ४५ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं, बहुतेक स्टार्चच्या रूपात. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांब साखळी. ती तोंडातल्या लाळेपासूनच तुटायला लागते आणि आतड्यात पूर्ण सुटी होते. तेव्हा एका कप भाताबरोबर, रक्तात एरवी जेवढी साखर असते तिच्या नऊपट साखर पुढच्या दोन-तीन तासांत रक्तातून जाणार असते. 'मी साखर सोडली, फक्त ब्रेड खातो' असं म्हणणाऱ्यांची शुगर का उतरत नाही, त्याचं उत्तर इथेच आहे.

एवढा लोंढा आला तरी रक्तातली पातळी फार हलू न देण्याचं काम इन्सुलिन करतं. स्वादुपिंडातून निघणारं हे संप्रेरक स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना ग्लुकोज आत घ्यायला लावतं आणि यकृताला साखर सोडणं थांबवायला सांगतं. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन जवळपास बनतच नाही. टाइप २ मध्ये बनतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही, आणि काही वर्षांनी बनणंही कमी होत जातं. दोन्हीकडे परिणाम एकच: पातळी चढते-उतरते, आणि तिच्याबरोबर भूकही वरखाली होते.

साखर घसरलेली असते तेव्हा

मेंदू वजनाने शरीराच्या फक्त २ टक्क्यांच्या आसपास असतो, पण विश्रांतीत खर्च होणाऱ्या ऊर्जेतला जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा खातो, आणि तोही मुख्यतः ग्लुकोजच्या रूपात. साठवण म्हणावी अशी त्याच्याकडे नाही. त्यामुळे रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की शरीर धोक्याची घंटा वाजवतं. अॅड्रेनालिन सुटतं, हात थरथरतात, दरदरून घाम येतो, छातीत धडधडतं, चिडचिड होते आणि प्रचंड भूक लागते. ही भूक नेहमीसारखी नसते. ती गोडच मागते आणि आत्ताच्या आत्ता मागते. साखर ५४ च्या खाली गेली तर विचारही धड चालत नाहीत.

इथे खायचंच. तल्लफ खरी आहे आणि तिचं ऐकायचं. प्रश्न फक्त किती आणि काय, एवढाच.

जगभर वापरला जाणारा नियम १५-१५ चा. लगेच रक्तात उतरेल असं १५ ग्रॅम कार्बोहायड्रेट घ्यायचं, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं, आणि अजून ७० च्या खाली असेल तर तेच पुन्हा करायचं. १५ ग्रॅम म्हणजे पाकिटावर लिहिलेल्या हिशेबाने ग्लुकोजच्या गोळ्या, किंवा साधारण अर्धा कप फळांचा रस, किंवा तीन-चार लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून. चॉकलेट, केक, आइस्क्रीम या वेळी कामाचे नाहीत. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: ज्यांना अकार्बोज किंवा वोग्लिबोज ही औषधं चालू आहेत, त्यांनी घसरलेल्या साखरेवर नेहमीची साखर न घेता शुद्ध ग्लुकोजच घ्यावं. ही औषधं आतड्यात नेहमीच्या साखरेचे तुकडे होऊ देत नाहीत, त्यामुळे ती वेळेवर उपयोगी पडत नाही. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. ग्लुकागॉनचं (साखर वाढवणाऱ्या संप्रेरकाचं) इंजेक्शन किंवा नाकात मारायचा फवारा जवळ असेल तर तो द्यायचा आणि रुग्णवाहिका बोलवायची.

सगळी गडबड होते ती त्या १५ मिनिटांत. साखर पोटात गेलेली असते, पण घंटा अजून वाजतच असते. मेंदूला धीर नसतो. माणूस फ्रिजसमोर उभा राहून हाताला लागेल ते खात सुटतो. तासाभराने मीटर २५०-३०० दाखवतं, मग ते उतरवायला जादा इन्सुलिन घेतलं जातं, मग साखर पुन्हा घसरते. झोके घेणारी शुगर म्हणून जी तक्रार असते, तिच्या मुळाशी कितीतरी वेळा हे चक्र असतं. यावर निर्धार फारसा कामी येत नाही, कारण निर्धार करणारा मेंदूच त्या क्षणी उपाशी असतो. कामी येते ती आधी करून ठेवलेली तयारी. १५-१५ ग्रॅमच्या पुड्या बांधून एक उशाशी, एक खिशात, एक कामाच्या जागी ठेवायची. पुडी घ्यायची, गजर लावायचा आणि स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसायचं.

हा धोका सगळ्यांना सारखा नसतो. इन्सुलिन घेणारे, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणारे, यांना तो सर्वाधिक. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्यांची साखर सहसा इतकी घसरत नाही. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. तेवढी एकच खूण हाताशी राहते. रात्री घामाने चिंब होऊन जाग येत असेल आणि काहीतरी गोड खावंसं वाटत असेल तर तेव्हाही आधी मोजा. आणि असं वारंवार होत असेल तर चूक खाण्याची नाही, डोसची आहे. औषधाच्या मागे धावत रोज गोड खात राहण्यापेक्षा डॉक्टरांकडून डोस कमी करून घेणं शहाणपणाचं.

एक फसवा प्रकारही आहे. ज्याची साखर कित्येक महिने २५०-३०० च्या घरात राहिली आहे, तिला उपचाराने १२० पर्यंत आणलं, की त्याला घसरल्यासारखीच लक्षणं जाणवतात: थरथर, घाम, गोडाची वखवख. शरीराला चढ्या पातळीची सवय झालेली असते. मीटर १०० च्या वर आणि स्थिर असेल तर जीवाला धोका नसतो. बसून राहावं, जेवणाची वेळ झाली असेल तर जेवून घ्यावं. काही आठवड्यांत शरीर नव्या पातळीला सरावतं. मीटर न बघता दर वेळी साखर खाल्ली तर ते कधीच सरावत नाही. अंगावर सतत साखर मोजणारा सेन्सर लावणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर बोटातलं रक्त तपासावं.

साखर चढलेली असते तेव्हा

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटतच नाही. रक्तात साखरेचा पूर आलेला आणि तरी भूक कशी? कारण रक्तातली साखर म्हणजे पेशींतली साखर नव्हे. इन्सुलिन अपुरं असलं की ग्लुकोज दाराशी पडून राहतं आणि पेशी उपाशीच राहतात. पातळी साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंड ती साखर लघवीतून बाहेर टाकायला लागतं, म्हणजे खाल्लेलं अन्न अक्षरशः वाहून जातं. खूप भूक, खूप तहान, खूप लघवी हे मधुमेहाचं जुनं त्रिकूट यातूनच येतं.

या भुकेला कार्बोहायड्रेट देणं म्हणजे पूर वाढवणं. आणि तहान लागली म्हणून फळांचा रस किंवा थंड पेय घेतलं तर आणखीच बिघडतं. इथे उपाय ताटात सापडत नाही. डोस चुकला का? इन्सुलिन उन्हात राहून निकामी झालं का? अंगात ताप किंवा कुठे संसर्ग आहे का? दुखण्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू झाल्या का? स्टिरॉइड साखरही वाढवतात आणि भूकही. कारण सापडून साखर खाली यायला लागली की ही भूक आपोआप ओसरते. टाइप १ मधुमेहात साखर चढलेली असताना मळमळ, उलट्या, पोटदुखी, श्वासाला फळासारखा वास किंवा जोरजोराचा श्वास यांपैकी काही असेल तर भुकेचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावं. ते कीटोअॅसिडोसिसचं, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचून जिवावर बेतणाऱ्या अवस्थेचं, लक्षण असू शकतं.

जेवणाची जुळणी चुकली की तल्लफ वेळ पाळून येते

मीटर ११०, १३०, १५० दाखवतंय आणि तरी दोन तासांपूर्वी जेवलेला माणूस बिस्किटांचा डबा शोधतोय. हा गट मोठा आहे, आणि इथे करण्यासारखंही बरंच आहे.

सकाळी जॅम लावलेला ब्रेड आणि गोड चहा घेतला, तर पोट भरल्यासारखं लगेच वाटतं. पण त्यात प्रथिनं जवळपास नाहीत, तंतू (फायबर) फारसे नाहीत. साखर भराभर चढते, आणि ज्याच्याकडे इन्सुलिन बऱ्यापैकी आहे त्याची दोन-तीन तासांनी तशीच झरझर उतरते. मधुमेह नसलेल्या शेकडो लोकांवर सेन्सर लावून केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं: जेवणानंतर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर जास्त खोल उतरते, त्यांना पुढे जास्त भूक लागते आणि ते दिवसभरात जास्त खातात. म्हणजे अकरा वाजताची तल्लफ आठ वाजताच्या बशीत ठरलेली असते.

यावरचा उपाय कार्बोहायड्रेट तोडून टाकणं नव्हे, त्याला सोबत देणं आहे. अंडी, मासे, चिकन, डाळी, कडधान्यं, दही, पनीर, दाणे यांतली प्रथिनं आतड्यातून पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारी संप्रेरकं वाढवतात. भाज्या आणि अख्ख्या धान्यांतले तंतू पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतात. अंदाजासाठी ताटाचे भाग मनात पाडावेत. अर्धं ताट भाज्यांचं, पाव प्रथिनांचं आणि उरलेलं पाव भात, ब्रेड, बटाटा यांचं. वजनकाटा लागत नाही, तक्ते लागत नाहीत.

क्रमालाही महत्त्व आहे, आणि हा उपाय मला विशेष आवडतो, कारण त्यात सोडायचं काहीच नाही. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या ११ रुग्णांना तेच जेवण दोन वेगवेगळ्या दिवशी दिलं. एकदा आधी ब्रेड आणि संत्र्याचा रस, १५ मिनिटांनी भाज्या आणि चिकन. दुसऱ्या वेळी नेमकं उलट. भाज्या आणि प्रथिनं आधी खाल्ली त्या दिवशी एका तासानंतरची साखर ३७ टक्क्यांनी कमी होती. अभ्यास लहान होता, पण परिणाम ठळक होता. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग प्रथिनं आणि शेवटी भात, एवढं केलं तरी चढ बोथट होतो. शिवाय भाताकडे पोचेपर्यंत भुकेचा जोर निघून गेलेला असतो, तेव्हा तो आपोआप कमी खाल्ला जातो. जेवणाआधी घेण्याचं इन्सुलिन लावणाऱ्यांनी मात्र हा क्रम सुरू करताना पहिले काही दिवस जास्त वेळा मोजावं. साखर उशिरा चढणार असेल तर इंजेक्शनची वेळ जुळवावी लागू शकते.

पाकिटबंद, कारखान्यात बनलेल्या खाण्याचं प्रकरण वेगळंच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये २० जणांना महिनाभर संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे असं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या अन्नातल्या कॅलरी, साखर, चरबी आणि तंतू दोन्ही वेळा सारखेच, आणि हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात हीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. त्यांना मधुमेह नव्हता, आणि त्यांची इच्छाशक्ती दोन आठवड्यांत बदलली नव्हती. बदललं होतं ते अन्न. तेव्हा एक बिस्किट खाऊन पुडा बंद करता येत नाही, याची सगळी जबाबदारी खाणाऱ्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. तो पुडा घरात न आणणं सोपं, आणून न खाणं महाकठीण.

ग्लायसेमिक इंडेक्सबद्दल थोडक्यात. टोरंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही मोजपट्टी ग्लुकोजला १०० धरून बाकीचे पदार्थ साखर किती वेगाने चढवतात ते सांगते. दोन पदार्थांतून एक निवडायला ती उपयोगी आहे. पण कमी इंडेक्सचा पदार्थ दुप्पट खाल्ला तर फायदा संपतो, आणि त्याच पदार्थाने दोन माणसांची साखर वेगळी चढते. स्वतःच्या मीटरवर जेवणाआधीचा आणि दोन तासांनंतरचा आकडा बघणं कुठल्याही तक्त्यापेक्षा खरं. भात शिजवून थंड केला की त्यातला थोडा स्टार्च पचायला जड होतो, हे खरं आहे. मात्र त्यावर विसंबून दुप्पट भात घेण्याइतका त्यात दम नाही.

आता कार्बोहायड्रेट जवळपास बंदच करण्याविषयी. टाइप २ च्या काही लोकांना याचा चांगला फायदा होतो, साखर उतरते आणि गोडाची ओढही काही आठवड्यांत कमी होते. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या २०१९ च्या अहवालाने सगळ्यांना लागू पडेल असं कार्बोहायड्रेटचं एकच आदर्श प्रमाण नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे वाटा अनेक आहेत. पण इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया चालू असताना अचानक कार्बोहायड्रेट तोडलं तर साखर धाडकन घसरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातलं औषध चालू असेल तर दुसरा धोका असतो: साखर फारशी न वाढताही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. म्हणून औषधं तीच ठेवून आहार एका रात्रीत पालटायचा नाही.

आणि उपाशी राहणं हे तर तल्लफेला दिलेलं आमंत्रणच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते सगळे स्वखुशीने आले होते, मनाने पक्के होते. काही आठवड्यांत त्यांच्या गप्पांत, स्वप्नांत, वाचनात अन्नाशिवाय काही उरलं नाही. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. रात्री जेवणावर तुटून पडणाऱ्या अनेकांनी दिवसभर 'पथ्य' म्हणून पोटाला चिमटा काढलेला असतो.

पोट भरलेलं आहे, मन मागतंय

भरपेट जेवणानंतर गोडाला जागा कशी होते? एकाच चवीचं खात गेलं की त्या चवीपुरती तृप्ती येते, वेगळ्या चवीची भूक मात्र शाबूत असते. बार्बरा रोल्स यांनी १९८१ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. शरीराला ऊर्जा नको असते, जिभेला बदल हवा असतो. अशा वेळी आंबट फळाच्या दोन फोडी, बडीशेप, दात घासणं यानेसुद्धा काम भागतं.

पण सगळंच जिभेवर नसतं. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की गोड चव ओळखण्याची क्षमताच काढून टाकलेले उंदीरही काही दिवसांत साध्या पाण्यापेक्षा साखरेचं पाणी पसंत करायला लागतात. आतड्यालाच साखर कळते आणि ते मज्जातंतूमार्फत मेंदूला कळवतं. बिनसाखरेच्या गोळ्यांनी चहा गोड लागतो, पण समाधान अर्धवटच राहतं असं अनेकजण म्हणतात, त्याचं एक कारण हे असू शकतं. तरी मधुमेह असलेल्या माणसाने गोड थंड पेयाऐवजी बिनसाखरेचं घेतलं तर साखरेचा तो चढ नक्कीच टळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन कमी करण्यासाठी असे गोडवे वापरू नयेत असं सुचवलं, पण आधीच मधुमेह असलेल्यांना त्या शिफारशीतून वगळलं होतं. ही दुसरी बाजू सांगायची बऱ्याचदा राहून जाते. मात्र 'शुगर फ्री' लिहिलेली बिस्किटं आणि चॉकलेटं म्हणजे मोकळं रान नव्हे. बिस्किटांत मैदा असतो, आणि माल्टिटॉलसारखे गोडवे थोडी साखर वाढवतात, वर पोटही बिघडवतात.

झोपेकडे तर दुर्लक्षच होतं. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिलं. दहा तास झोपलेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांचं भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, तृप्ती देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी झालं, आणि सगळ्यात जास्त ओढ वाढली ती गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. रात्री घोरणं, दिवसा पेंग येणं असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्यावी. टाइप २ मधुमेहात झोपेत श्वास अडकण्याचा त्रास बराच आढळतो.

आणि तल्लफ अंगावर आलीच तर? तल्लफ ही लाटेसारखी असते, चढते, शिखर गाठते, आणि तिला काही दिलं नाही तरी ओसरते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अॅलन मार्लट यांनी व्यसनमुक्तीच्या उपचारात हीच कल्पना वापरली होती. तिच्याशी भांडायचं नाही, 'नको, नको' म्हणत बसायचं नाही, फक्त ती कुठे जाणवतेय, वाढतेय की उतरतेय ते बघत राहायचं. ज्यांना असं स्वस्थ बसणं जमत नाही (मला ते अवघडच वाटतं) त्यांच्यासाठी दुसरी युक्ती आहे. तल्लफ बरीचशी चित्रांवर जगते. तो पदार्थ डोळ्यांसमोर दिसतो, त्याचा वास आठवतो. डोळ्यांसमोरची ती जागा दुसऱ्या चित्राने भरली की तिचा जोर कमी होतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या अभ्यासात तीन मिनिटं टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळल्यावर खाण्याच्या तल्लफेची तीव्रता कमी झाली. शब्दकोडं, विणकाम, फोनवरच्या गप्पा, काहीही चालेल, डोळे आणि हात गुंतले पाहिजेत.

चालणं दोन्हीकडून कामाला येतं. लक्ष वळतं, आणि स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली टाइप २ च्या ४१ जणांवर झालेल्या अभ्यासात दिवसातून एकदा ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी.

राहिला आवडीचा गोड पदार्थ. कायमचा बंद, असं मी कुणाला सांगणार नाही. बंदी घातलेला पदार्थच डोक्यात घर करतो. खायचाच तर रिकाम्या पोटी नको, भाज्या-प्रथिनांच्या जेवणाच्या शेवटी खावा. त्या जेवणातला भात किंवा ब्रेड तेवढ्या हिशेबाने कमी करावा. डब्यातून न खाता बशीत काढून, डबा परत ठेवून, बसून खावा. मग दहा मिनिटं चालावं, आणि दोन तासांनी मीटर बघावं. तो आकडाच सांगतो की एवढं परवडलं की नाही.

डॉक्टरांना काय सांगायचं

'सारखं खावंसं वाटतं' एवढंच सांगितलं तर 'कमी खा' एवढंच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा आठवडाभर प्रत्येक तल्लफेची वेळ, त्या क्षणीचा मीटरचा आकडा, आधी काय आणि केव्हा खाल्लं होतं, आणि रात्रीची झोप, एवढं वहीत लिहून न्यावं. रोज दुपारी चारला साखर ६५ दिसत असेल तर सकाळच्या डोसकडे बोट जातं. कायम २४० असेल तर औषध पुरत नाही. १२० असेल तर दुपारच्या ताटाकडे बघायला हवं.

औषधांची पूर्ण यादीही दाखवावी, मधुमेहाशिवायचीसुद्धा. स्टिरॉइड, ओलान्झापीनसारखी मानसिक आजारावरची औषधं आणि मिर्टाझापीनसारखी नैराश्यावरची औषधं भूक वाढवतात. ती स्वतःहून बंद करायची नाहीत, पण पर्याय आहे का ते विचारता येतं. उलट सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड ही जीएलपी-१ गटातली औषधं साखरेबरोबर भूकही कमी करतात. ज्यांच्या डोक्यात दिवसभर खाण्याचेच विचार चालू असतात, त्यांपैकी अनेकांना यांनी मोठा फरक पडतो. ती कुणाला चालतील हे तपासूनच ठरतं.

आणि एक गोष्ट सांगायला लाज वाटते म्हणून राहून जाते. थोड्या वेळात पोट दुखेपर्यंत खाणं, थांबवताच न येणं, कुणी बघू नये म्हणून लपून खाणं, किंवा वजन वाढेल म्हणून मुद्दाम इन्सुलिनचा डोस चुकवणं, हे घडत असेल तर तो खाण्याशी निगडित मानसिक आजार असू शकतो. त्यावर समुपदेशन आणि औषधं असे उपचार आहेत. मुद्दाम इन्सुलिन टाळण्याने काही दिवसांत कीटोअॅसिडोसिस आणि काही वर्षांत डोळे, मूत्रपिंडं यांचं नुकसान होऊ शकतं, त्यामुळे ही माहिती डॉक्टरांपर्यंत पोचणं बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा तातडीचं आहे. तोंडाने सांगणं जमत नसेल तर त्याच वहीत एक ओळ लिहून वही पुढे करावी.